खर्जाच्या रांगेतली जागा

सूर तुटला तो शेवटच्या गाण्याच्या अगदी शेवटच्या स्वरावर, आणि तुटल्यावर टाळ्या पडल्या.

ताईच्या मनातून जात नव्हत्या त्या या टाळ्या. सूर नुसता तुटला असता तर गिळून टाकता आलं असतं. पण वाचनालयाच्या अंगणात खुर्च्यांवर बसलेल्या भल्या माणसांना वाटलं, गाणं संपलं, आणि त्यांनी मोकळ्या मनाने टाळ्या वाजवल्या. वरच्या सुराच्या बायका अजून गातच होत्या, कारण त्यांचं गाणं संपलेलं नव्हतं. ताईचा हात हवेत तसाच, सुटलेल्या बसला दाखवत राहावा तसा. मग लोकांना आपली चूक कळली, ते ओशाळून थांबले, नेमका तेव्हाच स्वर संपला, आणि खऱ्या टाळ्यांच्या वेळी अंगणात कोणीच हात उचलायला धजेना.

दोष कोणाचा, हे पायऱ्यांवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कोणी बोलणार नव्हतं. हा गायनवृंद अण्णांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी, तिच्या जन्माआधी उभा केला होता. शाळेतली गाणं शिकवायची नोकरी संपली, खांदा दुखायला लागला, हात वर धरवेना, तेव्हा त्यांनी वृंद लेकीच्या हाती दिला आणि स्वतः तिसऱ्या रांगेत, खर्जवाल्यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. दिला म्हणजे काय, हात तेवढा दिला. कान सगळ्यांचे अजून अण्णांकडेच होते. त्याला कारणही तसंच होतं.

इतर वृंद समोरच्या हाताकडे बघून गातात. अण्णांनी आपल्या माणसांना शेजाऱ्याकडे कान लावून गायला शिकवलं. लांब स्वर आला की नियम एकच: शेजारी श्वास घेतोय तोवर आपण घ्यायचा नाही. त्याचा झाला की आपला. अण्णा याला आळीपाळी म्हणत. एकेकाची छाती कधी ना कधी रिकामी होणारच, पण सगळ्यांची एकदम नाही. म्हणून ऐकणाऱ्याला वाटायचं की हा स्वर कोणी गात नाहीये, तो नुसता आहे, खोलीला भिंत असते तसा.

आणि आता अण्णांचा श्वास आखूड झाला होता. त्यांच्या एका बाजूला बेकरीवाला, दुसऱ्या बाजूला बसचा निवृत्त ड्रायव्हर. दोघंही तरुणपणापासून अण्णांच्या हाताखाली तयार झालेले, दोघंही नियमाचे पक्के. अण्णा श्वास घेत, जरा गात, की पुन्हा घेत. त्या दोघांची पाळीच येईना. बिचारे धरून ठेवत, धरून ठेवत, बेकरीवाल्याच्या कानशिलावरची शीर फुगे, ड्रायव्हरचे डोळे बाहेर येत, आणि शेवटी दोघांचा दम एकदमच सुटे. त्यांच्या पलीकडचे त्यांच्यावर कान लावून असत, तेही कोसळत. खर्जात खड्डा. दुसऱ्या कुठल्याही वृंदात असं झालं नसतं, कारण दुसऱ्या कुठल्याही वृंदात माणसं इतकी शहाण्यासारखी वागतच नाहीत.

हंगामाच्या सुरुवातीला, इस्पितळाच्या दालनात, तो खड्डा सुईच्या टोकाएवढा होता आणि तो फक्त ताईला ऐकू आला. कारखान्याच्या कँटीनमध्ये तिच्या थोरल्या भावालाही आला. वाचनालयात टाळ्या पडल्या. आता उरलं होतं शनिवारचं सार्वजनिक गायन, आणि रविवारी संध्याकाळी महोत्सव. त्या महोत्सवाचं आमंत्रण मिळावं म्हणून भाऊने वर्षानुवर्षं उंबरे झिजवले होते. या वेळी महोत्सववाल्यांनी बोलावलं होतं, एकदा ऐकून बघतो म्हणून. शेवटचं गाणं तेच, शेवटचा स्वर तोच.

कार्यक्रमानंतर कोटाची बटणं काढता काढता अण्णा म्हणाले होते, "बेकरीवाल्याचा दम गेलाय हल्ली. भट्टीपुढे उभं राहून राहून. बोल त्याच्याशी."

"बोलते," ताई म्हणाली होती, आणि चार दिवस कोणाशीच बोलली नव्हती.

पाचव्या दिवशी भाऊनेच बोलावलं. ताईच्या घरी अण्णा राहायचे, आणि त्यांचा दम गेला असला तरी कान शाबूत होते. म्हणून बैठक ठरली भाऊच्या दवाखान्यात, सुट्टीच्या दुपारी. भाऊ दातांचा डॉक्टर. चाकांचं स्टूल वहिनीने आधीच पटकावलं होतं, भाऊची मुलगी चिमणी खिडकीच्या कट्ट्यावर पाय सोडून बसली होती, आणि ताईला उरली ती पेशंटची खुर्ची. तिच्यावर सरळ बसायला गेलं की ती आपोआप मागे कलायची. त्यामुळे सगळी चर्चा ताईने छताकडे बघत ऐकली, आणि भाऊ वरून वाकून बोलत होता. त्याला सवयच होती म्हणा, समोरच्याला बोलता येणार नाही अशा बेताने बोलायची.

त्याचं म्हणणं सरळ होतं. अण्णांना महोत्सवात उभं करायचं नाही. खर्जाला बाकी माणसं पुरेशी आहेत, एक कमी झाल्याने काही बिघडत नाही, उलट एक कमी झाल्यानेच सुधारेल.

"आणि सांगणार कोण?" वहिनीने विचारलं.

"वृंद चालवतं कोण?"

तिघांनी ताईकडे बघितलं. ताईने दिव्याकडे बघितलं. "हात हलवते मी," ती म्हणाली. "ऐकतात सगळे त्यांचं."

वहिनीला गेले काही आठवडे एक धास्ती होती, तिची कोणाला कल्पना नव्हती. वरच्या सुराची पहिली जागा तिची, लग्न होऊन आली त्या वर्षापासूनची. यंदा पहिल्यांदाच सर्वांत वरचा स्वर तिला टाचा उचलून घ्यावा लागत होता. आज सासऱ्याला काढलं, उद्या सुनेची पाळी, एवढा हिशोब तिला कोणी न सांगताही कळत होता. म्हणून ती एकदम फार मायाळू झाली. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये, ज्यांनी रोप लावलं त्यांनाच बागेबाहेर काढायचं म्हणजे काय, वगैरे बोलून झाल्यावर तिने तोडगा काढला. अण्णांनी उभं राहावं, आपल्याच जागेवर, कोट घालून. फक्त त्या शेवटच्या गाण्यात आवाज काढू नये.

"नुसते ओठ हलवायचे," ती म्हणाली. "लांबून कोणाला कळतंय?"

भाऊ बेसिनपाशी हात धूत होता. कारण काही नव्हतं, अस्वस्थ झाला की तो हात धुवायचा. "आईसारखे?" तो म्हणाला.

नळ चालूच राहिला.

"आजीसारखे म्हणजे?" चिमणी म्हणाली. तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. ताईने खुर्चीच्या हाताला धरून उठायचा प्रयत्न केला आणि खुर्चीने तिला पुन्हा मागे नेलं.

मग भाऊनेच सांगितलं, पाठ न वळवता. आईचा आवाज जाड होता, इतरांत मिसळायचा नाही. एका तालमीनंतर अण्णांनी तिला घरी, स्वयंपाकघरात सांगितलं की तू उभी राहा, पण नुसते ओठ हलव. त्यानंतर ती गेली तोपर्यंत प्रत्येक हंगामात पहिल्या रांगेत उभी राहिली आणि एक अक्षर गायली नाही. शब्द मात्र सगळे पाठ करायची. कपडे वाळत घालताना पाठ करायची.

चिमणी कट्ट्यावरून खाली उतरली. तिच्याकडे आजीची एकच आठवण होती, पायऱ्यांवर गाणारी.

वहिनी स्टुलावरून हळूच म्हणाली, "मी शेजारी उभी असायचे त्यांच्या. मला वाटायचं, किती हळू गातात." आणि थोड्या वेळाने, "मी त्यांचा श्वास ऐकून माझा घ्यायचे. तो बरोबर असायचा. गात नव्हत्या, तरी श्वास पाळीनेच घ्यायच्या."

त्या दुपारी बाजू बदलल्या त्या अशा: वहिनीने आपला तोडगा स्वतःच मोडीत काढला. गातील तर मोठ्याने गाऊ देत, खड्डा पडला तर पडू दे, पण ओठांचं पुन्हा माझ्यासमोर काढू नका, असं तिने बजावलं. आणि चिमणी, जिला आजोबांच्या विरुद्ध कोणी ब्र काढलेला चालत नसे, ती बापाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "काढायचं तर खरंखुरं काढा," ती म्हणाली. "आत्या, तू सांग. बाबांनी सांगितलं तर भांडण होईल, आईने सांगितलं तर रडारड."

"आणि मी सांगितलं तर?"

"तू कधी काही सांगितलंच नाहीस ना त्यांना, त्यामुळे माहीत नाही."

भाऊने तोंड फिरवून हसू लपवलं. ताईला राग यायला हवा होता, पण आडवं पडून राग येत नाही. "बघते मी," ती म्हणाली. हे तिचं ठरलेलं वाक्य होतं, आणि त्याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना माहीत होता: काही होणार नाही.

शनिवारी अग्निशमन केंद्रात सार्वजनिक गायन झालं. दर महिन्याला व्हायचं. बंबवाले आपली लाल गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला लावत आणि गाडीच्या जागी माणसं उभी राहत. ज्याला यायचं त्याने यावं, गाता येवो न येवो. दुकानं बंद करून माणसं येत, कडेवर लेकरं घेऊन येत, एक पोस्टमन तर पिशवीसकट यायचा. इथे हात अण्णांचाच. दुखरा खांदा सांभाळून ते डाव्या हाताने ठेका देत, बाकी सगळं भुवयांनी सांगत.

ताई मागे भिंतीला टेकून उभी होती. या लोकांना आळीपाळी कोणी शिकवली नव्हती. ज्याला वाटेल तेव्हा तो श्वास घेत होता, काही जण ओळीच्या मधेच खोकत होते, आणि तरी खड्डा पडत नव्हता, कारण माणसंच इतकी होती. अण्णा मधोमध उभे, घामाने डवरलेले, गाल लाल. गात होते ते, पूर्ण गळ्याने. त्यांचा स्वर मधेच थांबत होता आणि पुन्हा येत होता, आणि गर्दी तो पाण्यासारखा भरून काढत होती. इतके खूश ते तिसऱ्या रांगेत कधी दिसत नसत. ताईच्या मनात आलं, हेच पुरेसं नाही का यांना? आणि लगेच लाज वाटली, कारण हे तिने त्यांच्यासाठी नव्हतं म्हटलं, स्वतःसाठी म्हटलं होतं.

घरी जायचा रस्ता चढाचा होता. पूर्वी अण्णा तो बोलत बोलत चढायचे. हल्ली ते वाटेत दुकानांच्या पाट्या वाचायचे. शिंप्याच्या दुकानापाशी थांबले, पाटी वाचली. घड्याळदुरुस्तीवाल्यापाशी थांबले. चष्मेवाल्याच्या काचेत तर चष्मे नीट मोजत असल्यासारखे उभे राहिले, आणि ताई शेजारी उभी राहून त्यांच्या बरगड्यांचं वरखाली होणं ऐकत राहिली. तिलाही लहानपणापासून तेच शिकवलेलं. ते श्वास घेत होते तोवर तिने आपला रोखून धरला होता, हे तिच्या छातीत दुखलं तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"अण्णा, उद्याबद्दल बोलायचं होतं."

"बेकरीवाल्याशी बोललीस?"

"नाही."

"मग त्याच्याशी आधी बोल."

ते पुढे निघाले. ताई दोन पावलं मागे. तिने मनाशी सरळ वाक्य जुळवलं होतं, अगदी शब्दन् शब्द. पण पाठमोऱ्या अण्णांचा कोट खांद्यावरून किती सैल झालाय हे तिला दिसलं आणि तोंडातून भलतंच निघालं. शेवटच्या गाण्यात तुम्ही जरा हळू घ्या, असं ती म्हणाली. म्हणजे अगदीच हळू. म्हणजे फारच दम लागला तर, ती म्हणाली, आवाज नाही काढला तरी चालेल, नुसते ओठ...

अण्णा थांबले. या वेळी समोर पाटी नव्हती, नुसती एका गुदामाची बंद भिंत होती.

"तुझ्या आईला मी हेच सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"ती काय म्हणाली ते माहीत आहे?"

"नाही."

"काहीच म्हणाली नाही. मला वाटलं, पटलं तिला." ते भिंतीकडेच बघत होते. "बेकरीवाल्याचा दम चांगला आहे. मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? तो शेजारी मरायला टेकतो माझ्यासाठी. मी श्वास घेतला की त्याची धडपड ऐकू येते मला."

ताई भिंतीच्या कडेला सरकली. वरून एक सायकलवाला घंटी वाजवत उतरून गेला.

"मग तुम्ही स्वतःहून..." ती म्हणाली.

"नाही. स्वतःहून मी उतरणार नाही. ते माझ्याच्याने व्हायचं नाही." ते वळले. "काढ मला. पण घरात काढू नकोस. घरात मी तुझा बाप आहे, घरात सांगितलंस तर मी ऐकायचो नाही, भांडेन, जेवणार नाही, सगळं करेन. रांगेत काढ. आपल्या वृंदात माणूस कसा काढतात, येतं ना तुला?"

तिला येत होतं. कोणाला काढायचं तर ते तालमीत, सगळ्यांच्या देखत सांगायचं. रांग सांगायची, जागा सांगायची, नाव घ्यायचं नाही आणि कारण द्यायचं नाही. अण्णांनीच पाडलेली रीत. मागून कुजबुज नको, म्हणून. ती एकदाच मोडली गेली होती, त्यांच्याच हातून, स्वयंपाकघरात. आणि ताईने एवढ्या वर्षांत कधीच कोणाला काढलेलं नव्हतं.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

"मग संध्याकाळी मी उभा राहीन आणि गाईन," अण्णा म्हणाले. "तोंड उघडून गाईन. ओठ हलवणार नाही." आणि चढ चढू लागले.

रविवारी सकाळी तालमीला सगळे वेळेआधी आले. नाट्यगृहाची खालची तालमीची खोली, लाकडी पायऱ्या, समोर घडीच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या. घरात काय शिजतंय याचा वास वृंदाला लागलेला होताच; चिमणी कोणाला काही बोलली नव्हती, पण न बोलण्याची तिची पद्धत फार मोठ्या आवाजाची होती. भाऊ आपल्या रांगेत कडेला उभा, हात सारखे पुसत. वहिनीने तीनदा घसा साफ केला. अण्णा आपल्या जागेवर, कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत लावलेली.

पहिली गाणी नीट झाली. ताई मुद्दाम एकेक ओळ परत घेत राहिली, ज्यांना गरज नव्हती त्याही. शेवटी घ्यायला दुसरं काही उरलंच नाही. तिने शेवटच्या गाण्यासाठी हात वर केला आणि तो वरच राहिला.

सगळे श्वास भरून तयार. ती काही करीना. पहिल्या रांगेतल्या एका बाईने भरलेला श्वास हळूच सोडून दिला.

"तिसरी रांग," ताई म्हणाली. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाली. "तिसरी रांग, मधली जागा. या वेळी नाही."

खोलीत कोणी हललं नाही. अण्णांनी मान तुकवली, जेवढी कोणीही तुकवली असती तेवढीच, आणि ते खाली उतरायला लागले. पायरी उंच होती. ड्रायव्हरने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. भाऊ आपल्या रांगेतून अर्धा बाहेर आला होता. गेले कित्येक दिवस ज्याच्यासाठी तो हट्ट धरून बसला होता तेच घडत होतं, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की वहिनीने त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं. अण्णा ताईच्या बाजूने गेले, इतक्या जवळून की कोटाचा वास आला. मग तिच्या पाठीमागे घडीची खुर्ची उघडल्याचा आवाज.

"खर्जवाले," ताई म्हणाली, "सरका. जागा भरून घ्या."

बेकरीवाला सरकला नाही. ड्रायव्हरही नाही. दोघांच्या मधे एका माणसाची जागा तशीच मोकळी, आणि दोघं ताईच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. तिने नजर फिरवली तर सगळेच बघत होते. पहिली रांग, दुसरी रांग, तिची स्वतःची भाची. सगळा वृंद तिच्या डोक्यावरून, मागच्या खुर्चीकडे. इतकी वर्षं निदान कानच तिकडे होते, आता डोळेही गेले. तिने बापाला काढलं होतं ते अशा ठिकाणी, जिथून तो सगळ्यांना समोर दिसेल.

"सरका," ती पुन्हा म्हणाली.

"ताई, म्हणजे कसं," बेकरीवाला चाचरत म्हणाला, "त्यांनी एकदा सांगितलं असतं तर..."

"मी सांगतेय."

कोणी हलेना. आणि मग तिच्या पाठीमागे खुर्ची फरशीवर करकरली. लांब, कर्कश आवाज. समोरचे सगळे चेहरे एकदम बदलले. चिमणीने तोंडावर हात धरला, वहिनीचे डोळे मोठे झाले. ताईला वाटलं, उठले. चालले. तिला पाऊल ऐकू आलं नाही, पण तिच्या स्वतःच्या कानात इतका धडधडाट होता की हत्ती गेला असता तरी कळलं नसतं. तिने वळून बघितलं नाही. वळली असती तर तिच्याही डोळ्यांनी तिकडेच जायचं ठरवलं असतं, आणि मग या खोलीत समोर बघणारं कोणी उरलं नसतं.

हळूहळू नजरा परत आल्या. एकेक करून, जड पायांनी आल्यासारख्या. तिच्या चेहऱ्यावर आल्या, मग हातावर. बेकरीवाला डावीकडे सरकला. ड्रायव्हर उजवीकडे. त्यांचे खांदे एकमेकांना लागले आणि दोघंही थोडे दचकले.

"शेजारी नवीन आहे," ताई म्हणाली. "त्यामुळे आज त्याचं ऐकायचं नाही. माझ्याकडे बघायचं. कोणी कधी श्वास घ्यायचा ते मी दाखवीन."

तिने हात वर केला आणि गाणं सुरू झालं. मधली कडवी कशी गेली ते तिला नंतर आठवलं नसतं. शेवटची ओळ आली, शेवटचा स्वर. बायकांनी वर धरला, वहिनीने टाचा उचलल्या आणि धरला. खर्ज खाली येऊन बसला. ताईने डाव्या हाताचं एक बोट बेकरीवाल्याकडे केलं, त्याने श्वास घेतला. मग ड्रायव्हरकडे, मग त्याच्या पलीकडच्याकडे. माणसं घाबरलेली होती, पण बघत होती. स्वर थरथरला, वाकला, आणि तुटला नाही.

लिहिल्या होत्या तेवढ्या मात्रा संपल्या. तिने हात खाली आणला नाही.

भाऊने भुवया उंचावल्या. स्वर चालू राहिला. वृंद तिच्या बोटावर श्वास घेत होता, एका मागून एक, आणि अशा रीतीने तो संध्याकाळपर्यंत गाऊ शकला असता. सलग, कुठेही भोक नसलेला खर्ज होता तो. जसा तिला सबंध हंगामभर हवा होता तसा. आणि लहानपणी भिंतीपलीकडून ऐकत ऐकत ती झोपी जायची तो खर्ज नव्हता. त्यातला एक माणूस कमी झाल्याने काही बिघडत नाही, असं भाऊ म्हणाला होता. खरंच काही बिघडलं नव्हतं. नुसतं ते दुसरं कोणीतरी होतं.

हात खाली आणला की वळावं लागणार होतं. वळलं की ती खुर्ची दिसणार होती, रिकामी. म्हणून तिने धरून ठेवला. वहिनीचा चेहरा लाल झाला, चिमणी रडत रडत गात होती आणि तरी सुरात होती. बेकरीवाल्याची तिसऱ्यांदा पाळी आली. तेव्हा कुठे ताईने मूठ मिटली.

खोली एकदम मोठी झाली. ताई वळली.

खुर्ची रिकामी नव्हती. खुर्ची फिरवलेली होती. अण्णा वृंदाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. कोणालाही त्यांचा चेहरा दिसणार नाही असे. तिला दिसत होता तो त्यांचा सैल कोट, मानेवरचे पांढरे केस, आणि बरगड्यांचं वरखाली होणं. ते भराभर होत होतं, जणू सगळा वेळ त्यांनीही श्वास धरला होता.

"फार लांबवलास," ते भिंतीला म्हणाले.

"हो, अण्णा."

"संध्याकाळी नको."

ताईने काही क्षण त्या पाठीकडे बघितलं. तिला वाटलं, खुर्ची सरळ करा म्हणावं, पुढे येऊन बसा म्हणावं. मग ती परत वळली. सगळे तिच्याकडेच बघत होते.

"शेवटची ओळ," ती म्हणाली. "पुन्हा एकदा."